तारेच्या आत सत्य, तारेबाहेर मत

चांगले काय आणि वाईट काय, हा शेवटी ज्याच्या त्याच्या नजरेचा प्रश्न आहे, हा विचार आपल्या सोलापुरात आता इतका रुळला आहे की त्याबद्दल नागरिकांचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. एके काळी सात रस्त्यावर चहाच्या गाड्यापाशी दोन शहाणी माणसे 'हे चूक आहे' आणि 'यात काही चूक नाही' यावर चहा थंड होईपर्यंत वाद घालत. आता एकजण म्हणतो, "तुमचा दृष्टिकोन वेगळा, माझा वेगळा," आणि दोघे मिळून दुसरा चहा सांगतात. उजनी धरण काठोकाठ भरलेले असतानाही वर्षानुवर्षे शहराच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आले. यात कुणावर अन्याय झाला, असे कुणी म्हणालेच, तर त्याला समजावता येते की अन्याय ही भावना आहे. पाइपलाइनची लांबी ही वस्तुस्थिती आहे आणि पंपाची क्षमता ही वस्तुस्थिती आहे. अन्याय कुठल्याही मीटरवर दिसत नाही.

या विचाराला मोठ्या लोकांचा आधार आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ऑक्सफर्डचे ए. जे. एअर यांनी 1936 साली, ऐन पंचविशीत, 'लँग्वेज, ट्रुथ अँड लॉजिक' हे पुस्तक लिहिले. त्यांनी घेतलेले उदाहरण आपल्या चांगले परिचयाचे आहे. 'तू ते पैसे चोरलेस' हे वाक्य खरे असेल किंवा खोटे असेल, ते तपासता येते. पण 'तू ते पैसे चोरलेस, हे चुकीचे केलेस' असे म्हटले, तर त्यात नवीन माहिती कोणतीच मिळत नाही. बोलणाऱ्याचा आवाज तेवढा चढतो. आवाज खरा किंवा खोटा नसतो. पुढे 1977 साली जे. एल. मॅकी यांनी वेगळ्या वाटेने जाऊन सांगितले की नीतीची वाक्ये सत्याचा दावा जरूर करतात, पण तो दावा पेलणारे काही जगात सापडत नाही, म्हणून ती सगळीच खोटी ठरतात. या दोघांचे आपसांत जमत नाही. पण अन्यायाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवण्यासाठी दोघांपैकी कुणीही चालतो, आणि कारभाराला तेवढे पुरते.

मात्र या विचाराची एक अडचण होती आणि ती सोडवण्याचे श्रेय ऑक्सफर्डला देता येणार नाही. 'चोरी वाईट' ही जर नुसती भावना असेल, तर गोदामाचे कुलूप कुणाच्या भरवशावर ठेवायचे? ज्यांच्याकडे कुलपात ठेवण्यासारखे काही आहे, त्यांना नीतीची निदान काही वाक्ये दगडासारखी पक्की हवी असतात. सगळ्यांसाठी ती पक्की केली, तर ती मालकावरही येऊन पडतात. सगळ्यांसाठी सैल सोडली, तर मालाला राखण उरत नाही. सोलापुरात यावर फार व्यवहार्य तोडगा निघाला. नीतीचे सत्य तारेच्या कुंपणाच्या आत ठेवायचे आणि नीतीविषयीची मते कुंपणाबाहेर. त्या जागेला आजही सोलापूरकर 'सेटलमेंट' म्हणतात.

तोडग्याचा पाया 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टने घातला. त्यामागचा युक्तिवाद विणकरांच्या या गावाला तरी चटकन पटावा असा होता. हिंदुस्थानात विणकराच्या पोटी विणकर जन्मतो, सुताराच्या पोटी सुतार. तेव्हा गुन्हेगाराच्या पोटी गुन्हेगार जन्मत असणार. आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा 1911 च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही मिळाला आणि 1924 साली आणखी पक्का झाला. अमुक जमात गुन्हेगार आहे, अशी अधिसूचना सरकारने काढली की तिच्या खरेपणावर कोणत्याही न्यायालयाला शंका घेता येत नसे. नीतीचे वाक्य सिद्ध कसे करावे, यावर तत्त्वज्ञ अडीच हजार वर्षे अडून बसले होते. येथे ते एका राजपत्रात सिद्ध झाले, आणि त्यावर अपील नव्हते.

सिद्धतेची पद्धतही काटेकोर होती. टकारी, कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे आणून कुंपणात वसवली गेली. मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींत सोलापूरची गणना होई, आणि काही काळ तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. प्रत्येकाचे नाव नोंदवहीत, नावासमोर बोटांचे ठसे. ठरल्या वेळी हजेरी. बाहेर जायचे तर पास; पासावर कुठे जाणार आणि केव्हा परतणार. हजेरीच्या ओळीत उभ्या राहिलेल्या माणसाने काय केले, हे विचारण्याची गरज पडत नसे. तो कोण, एवढे वहीत असे. कडेवरच्या मुलाने अजून काही चोरलेले नसे, त्याला पुरते चालताही येत नसे. पण चोरी ही त्याच्याबाबत घडायची घटना नव्हती, ती त्याची जात होती. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे करून शाळेत किंवा उमेदवारीत ठेवण्याचा अधिकार कायद्यातच होता. त्यामुळे सत्याला फार वेळ कुटुंबात राहावे लागत नसे.

शिक्षेतही तोच नेमकेपणा. ठरावीक गुन्ह्यांसाठी या जमातीतल्या माणसाला दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळे पाणी. तोच गुन्हा शेजारच्या पेठेतल्या माणसाने केला, तर मात्र परिस्थिती, वय, घराण्याचे नाव आणि वकिलाचे म्हणणे असे सगळे दृष्टिकोन विचारात घेता येत.

वसाहतीतली माणसे कापड गिरण्यांत कामाला जात. हा भाग मला विशेष अभ्यासण्याजोगा वाटतो, कारण भोंगा वाजला आणि माणूस कुंपणाच्या फाटकातून गिरणीच्या फाटकाकडे निघाला, की वाटेत नीतीचा प्रकारच बदलत असे. मोठ्या माणसाला दिवसाकाठी किती तास राबवावे? 1911 च्या फॅक्टरी कायद्याने गिरण्यांसाठी बारा ठरवले. 1922 साली अकरा झाले, 1934 साली दहा. म्हणजे 1933 साली ज्या मालकाने कामगाराला अकरा तास उभे केले, त्याने काहीच वाईट केले नाही, आणि पुढच्या कायद्यानंतर तेच वाईट ठरले. या प्रत्येक टप्प्यावर समिती बसली, मालकांचे म्हणणे ऐकले गेले, बाजाराची स्थिती तपासली गेली. आधीचे बारा तास ज्याने घेतले त्याच्या बोटांचे ठसे कुणी मागितले नाहीत, त्याच्या नातवाला हजेरीला बोलावले नाही. ती मते होती, आणि मते काळानुसार बदलतात. मागावर उभा असलेला माणूस मात्र दिवसा गिरणीत मत होता आणि संध्याकाळी कुंपणात परतल्यावर सत्य होता. एकाच देहात दोन्ही सिद्धांत नांदवून दाखवणारे हे शहर नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अजून का आले नाही, याची खंत वाटते.

अर्थात, गावात काही उतावळी माणसे नेहमीच असतात. मे 1930 मध्ये सोलापुरात लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले आणि 12 मेपासून लष्करी कायदा लागू झाला. नगरपालिकेवर फडकलेला तिरंगा आता हाती धरणे गुन्हा ठरले, आणि डोक्यावरची गांधी टोपी शिपायांचा रोष ओढवायला पुरेशी होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि 'गझनफर'चे संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांवर खटला चालला. 12 जानेवारी 1931 रोजी त्यांना येरवड्यात फाशी दिली गेली. न्यायालयाच्या लेखी ते खुनी होते. आज चार पुतळ्यांपाशी दरवर्षी हार घातले जातात आणि त्यात सर्व पक्षांचे लोक असतात.

येथे नागरिकांनी जरा सांभाळून विचार करावा, अशी माझी विनंती आहे. हार घालताना अडचण नाही. राज्य बदलले, मत बदलले. 1931 साली खुनी हे त्या काळाचे मत आणि हुतात्मा हे आपले मत, एवढे म्हणून खाली उतरता येते. पण काही जणांच्या मनात वेगळेच असते. ते म्हणतात, चौघांना फासावर दिले तो अन्याय त्या दिवशीच अन्याय होता. साहेब राज्यावर असताना होता, निकालपत्रावर सही होताना होता, आणि स्वातंत्र्य कधी आलेच नसते तरी तो अन्यायच राहिला असता. हे बोलणे ऐकायला देशभक्तीचे वाटते, पण त्याचे परिणाम कुठवर जातात ते पाहावे. अन्याय जर राज्यकर्त्याच्या मताआधी, राजपत्राआधी आणि आपल्या टाळ्यांआधी खरा असू शकतो, तर तो आत्ताही कुठेतरी खरा असेल, आणि आपल्या कुणाचे मत त्याला अनुकूल नसताना असेल. चार पुतळ्यांवरून विचार तेथवर गेला, तर तो सेटलमेंटपर्यंत जायला वेळ लागत नाही. लष्करी कायदा जूनअखेरीस उठला. तार पुढेही कित्येक वर्षे तशीच राहिली.

तार उतरली तीही फार शिस्तीने. मुंबई राज्याने हा कायदा 1949 साली रद्द केला, आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभरातून गेला. त्या तारखेला आजही विमुक्त दिन पाळतात. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मिळणार नाही. रात्री झोपताना गुन्हेगार असलेला माणूस सकाळी उठला तेव्हा नव्हता. रात्रीत त्याने काही केले नव्हते, सोडले नव्हते. बदलला तो कागद. शिवाय कायदा रद्द झाला म्हणजे तो खोटा ठरला, असे नव्हे. रद्द करणाऱ्यांनी तो मागे घेतला. आठ दशके लाखो माणसांबद्दल लिहिलेले वाक्य पहिल्या दिवसापासून खोटे होते, असे राजपत्रात मांडण्याची वेळ त्यांनी येऊ दिली नाही. पोकळी राहू नये म्हणून 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. जमात गेली, माणूस नोंदीत राहिला. कुंपणाबाहेर ज्या वस्त्या उठल्या, त्यांना सेटलमेंट फ्री कॉलनी असे नाव आहे आणि पुढे क्रमांक आहेत. नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना उमेदवाराला आपण फ्री आहोत हे स्वतःच्या हाताने नमूद करता येते. अर्ज वाचणारा त्यातला कोणता शब्द वाचतो, हा त्याचा दृष्टिकोन.

सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली 2006 साली भटक्या-विमुक्तांसाठी राष्ट्रीय आयोग बसला. 2008 साली त्याचा अहवाल आला. त्यात घर, रेशन कार्ड, जातीचा दाखला, शाळा असे विषय होते, म्हणजे तपासता येण्याजोग्या गोष्टी. त्या तपासायला पुढे आणखी एक आयोग नेमला गेला.

आजही या वाटणीवर आपला विश्वास टिकून आहे, हे पाहून समाधान वाटते. एखाद्या सोसायटीत घरफोडी झाली की चौकशी कुठून सुरू होते, हे सांगायला पोलीस खात्यात असावे लागत नाही. गावाबाहेर पारध्यांचे पाल असेल, तर रात्री गाडी तेथे जाते. घरातला पुरुष उचलला जातो. तो नसेल तर कधी भाऊ, कधी मुलगा. चोरीच्या रात्री तो कुठे होता, हा प्रश्न नंतर येतो. याउलट एखाद्या पतसंस्थेत ठेवीदारांचे पैसे अडकले, तर आपण अध्यक्षांच्या घरी रात्री गाडी पाठवत नाही. आपण लेखापरीक्षण मागवतो. चुकीचे निर्णय, अतिविश्वास, बाजारातील मंदी अशा शब्दांत ते येते, आणि त्यातल्या एकाही शब्दावर ठसा उमटत नाही. एअर यांचे उदाहरण पैसे चोरण्याचेच होते. त्यांना सोलापूर दाखवले असते, तर 'चोरलेस' या वस्तुस्थितीचेही दोन प्रकार पडतात, हे त्यांच्या लक्षात आले असते.

सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी मात्र थोडी गडबड केली. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत जातीवरून कामे वाटून दिली होती, विमुक्त जमातीच्या माणसांना सराईत समजण्याची सोय होती. ते सारे घटनाबाह्य ठरवले गेले. म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षे जपलेला एक कागद गेला. पण घाबरण्याचे कारण नाही. निकाल मुख्यतः तुरुंगाच्या पुस्तिकेविषयी आहे. भाड्याने खोली देताना आडनाव ऐकून गप्प होणाऱ्या घरमालकाच्या मनातली वही कोणत्याही खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही.

या व्यवस्थेला विरोध दोन दिशांनी होतो, आणि दोन्हींचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. एक विरोध एअर यांच्याच गावात झाला. फिलिपा फुट या तत्त्वज्ञ बाईंनी 1945 साली नाझी छळछावण्यांची छायाचित्रे पाहिली, आणि तेव्हापासून त्यांना नीतीची वाक्ये म्हणजे केवळ भावना, हे मान्य करता येईना. 'आम्हाला हे आवडत नाही, त्यांना आवडत होते' एवढेच त्या छायाचित्रांबद्दल म्हणायचे, हे त्यांना जमेना. दुसरा विरोध आपल्या भाषेत झाला. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' 1987 साली आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या घरातला मुलगा शाळेत जातो आणि पाहिलेले लिहितो. चोरीच्या पैशावर जगणे, पोलिसांचा मार, बायाबापड्यांची अब्रू, सगळे त्यात आहे. आपण त्या पुस्तकाचे स्वागत कसे केले, ते आठवावे: भाषा रांगडी आहे, अनुभव जिवंत आहे, शैली वेगळी आहे. त्यात जे घडले म्हणून लिहिले आहे ते घडायला नको होते, हे खरे आहे की नाही, या प्रश्नाला आपण साहित्याच्या चर्चेत येऊ दिले नाही.

तरीही तारेबाहेरचीच काही माणसे अजून चुकीच्या पद्धतीने बोलतात आणि त्यांना समजावण्याचे काम बाकी आहे. विडी कारखान्याच्या शाखेत सकाळी गेलात तर हे ऐकू येईल. बायका सूप, कात्री, पत्रा घेऊन घरी वळलेल्या विड्या आणतात. हजार विड्यांसाठी तोलून दिलेली तेंदूची पाने हजारांना पुरत नाहीत. फाटकी, किडकी, कोरडी पाने निघतात, मग बाई पदरच्या पैशाने पाने विकत घेऊन आकडा पुरा करते. शाखेत चेकर बंडले हातात घेतो, चाळतो, काही विड्या बाजूला टाकतो. छाट. त्या विड्यांची मजुरी मिळत नाही आणि विड्याही परत मिळत नाहीत. तिने मूठभर पाने घरी जास्त ठेवली, तर ती चोरी. त्याची नोंद होते, काम बंद होते, आणि त्यावर कुणाचे दुमत नसते. चेकरने मूठभर विड्या बाजूला टाकल्या, तर तो दर्जाविषयीचा त्याचा अंदाज. ही वाटणी तारेशिवायही चालते, हे पाहून जुन्या अधिकाऱ्यांना बरे वाटले असते.

पण बाई तेथे उभी राहते आणि म्हणते, "अण्णा, हे बरोबर नाही." तिला तिच्या वाक्याचा दोष कळत नाही. 'विडी चांगली वळली आहे, बघा' हे वाक्य जसे ती म्हणते, त्याच आवाजात ती हेही म्हणते, जणू दोन्ही गोष्टी सूपात ठेवलेल्या आहेत आणि चेकरने मान खाली करून पाहिले तर त्यालाही दिसतील. स्वतःला काय वाटते, हे ती सांगतच नाही. ती चेकरबद्दल काहीतरी खरे सांगत असल्यासारखी बोलते. त्याने काय उत्तर द्यावे? हो म्हटले, तर विड्या परत द्याव्या लागतील आणि शाखेतल्या सगळ्या जणी रांगेत उभ्या राहतील. नाही म्हटले, तर बरोबर-चूक असे काही असते, हे त्यानेही मान्य केल्यासारखे होते, आणि मग त्याला कारणे द्यावी लागतील.

म्हणून कामगार कल्याणाच्या योजनांत या भगिनींसाठी एक छोटे भाषा-शिबिर घ्यावे, अशी सूचना मी करतो. 'हे बरोबर नाही' ऐवजी 'मला वाईट वाटले' म्हणायला त्यांना शिकवावे. त्याने कुणाचे नुकसान होत नाही. चेकरलाही मग माणुसकीने "अक्का, तुमची भावना मी समजू शकतो" असे म्हणता येईल, आणि छाटलेल्या विड्या पोत्यात टाकून पुढचे नाव पुकारता येईल.